वहिनीच्या ओसीडीसाठी ऑनलाइन थेरपी आणि डॉक्टर: दापोलीकडून कसं जमवायचं?

खाडीकाठ

नमस्कार. घर दापोली तालुक्यात, आडवाटेला. वहिनी ३१ वर्षांची, मुलगा अडीच वर्षांचा. दोन वर्षांपासून तिचं धुणं वाढतच चाललंय. आंघोळीला सव्वादोन तास लागतात. हजार लिटरची टाकी दुपारपर्यंत रिकामी होते. बाहेरून आलेल्याने मोरीत पाय धुतल्याशिवाय ओटीवरून आत यायचं नाही, वाण्याकडच्या पिशव्या साबणाच्या फडक्याने पुसायच्या. रात्री गॅसचा रेग्युलेटर सात-आठ वेळा बघते. चार महिन्यांपासून आणखी एक सुरू झालंय: विळी आणि सुऱ्या कपाटात कुलुपात ठेवायला लावते आणि मुलाजवळ एकटी थांबत नाही. का, ते सांगत नाही, विचारलं की रडते.

आईचं म्हणणं मंत्रचळ लागलाय, देवाला नारळ देऊ. गावातल्या डॉक्टरांनी ओसीडी (नको ते विचार पुन्हापुन्हा येणं आणि त्यापायी तीच तीच कृती करत राहणं) सांगून सर्ट्रालिन ५० ही गोळी सुरू केली. पाच आठवडे झाले, फरक दिसत नाही म्हणून दादा गोळी बंद करायच्या विचारात आहे. एसटीच्या सीटवर ती बसूच शकत नाही, त्यामुळे दर आठवड्याला पुण्या-मुंबईला जाणं शक्य नाही.

विचारायचं असं: फोनवरून दिलेली औषधाची चिठ्ठी कायद्याने चालते का? डॉक्टर आणि सायकॉलॉजिस्ट दोन्ही लागतात का, आणि माणूस खरा आहे हे कसं ओळखायचं? आंघोळीचा प्रश्न व्हिडिओ कॉलवर सुटतो तरी कसा? खर्च किती? आणि आम्ही घरच्यांनी काय करायचं? पाण्याची मोटर बंद केली तर?

गोळीचिठ्ठी

आधी घाईचं ते सांगतो. सर्ट्रालिन बंद करू नका, आणि मोटरही बंद करू नका. मोटरबद्दल इतर लोक लिहितील, मी औषधापुरतं बोलतो.

५० मिलिग्रॅम आणि पाच आठवडे एवढ्यावर "लागू पडलं नाही" असा निकाल देता येत नाही. नैराश्यात कमी डोसवर काम भागतं, ओसीडीत बहुतेकांना वरचा डोस लागतो. सर्ट्रालिन २०० मिलिग्रॅमपर्यंत, फ्लुओक्सेटिन ४० ते ८०, फ्लुवोक्सामिन २०० ते ३०० असे आकडे असतात. सोसेल तितक्या डोसवर पोचून ८ ते १२ आठवडे काढल्याशिवाय ते औषध बाद धरत नाहीत. तालुक्याच्या ठिकाणी नेमकं इथेच गाडं अडतं: ५० वर सुरुवात होते, महिन्याने "फरक नाही" म्हणून गोळी बदलते, पुन्हा तळापासून सुरुवात. अशा तीन गोळ्या झाल्या की घरचे म्हणतात हिला कुठलंच औषध चालत नाही. खरं तर एकही औषध पुरतं दिलेलं नसतं.

अचानक थांबवलं तर दोन-तीन दिवसांत चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात करंट गेल्यासारखे झटके असं होऊ शकतं. ते उतरतं, पण मधल्या काळात सगळ्यांना वाटतं आजार वाढला. डोस वाढवताना पहिले दहा-बारा दिवस मळमळ, पातळ शौच, झोप उडणं, अंगात अस्वस्थपणा हेही होतं. सकाळी नाश्त्यानंतर घेतली तर पोटाला बरं पडतं. डोस डॉक्टरच वाढवतील, साधारण आठवड्या-दोन आठवड्यांनी एकेक पायरी. तुम्ही फक्त तारीख आणि डोस वहीत लिहून ठेवा.

पहिल्या कॉलला डॉक्टरांना या गोष्टी न विचारता सांगा: मूल अजून अंगावर पितं का, दुसऱ्या बाळाचा विचार आहे का, घराण्यात कुणाला उन्मादाचे (मॅनियाचे) झटके येऊन गेलेत का, थायरॉइड आहे का, आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत, काढे आणि चूर्णंसुद्धा. बाळ पीत असेल तर सर्ट्रालिन बहुधा पहिल्या पसंतीचं असतं, दिवस राहण्याचा विचार असेल तर पॅरॉक्सेटिन टाळतात. उन्मादाचा इतिहास लपवला तर या गटातल्या गोळ्यांनी उन्माद उफाळू शकतो. क्लोमिप्रॅमिन हे जुनं आणि जोरकस औषध, पण त्याआधी ईसीजी लागतो, आणि फ्लुवोक्सामिनबरोबर त्याचं रक्तातलं प्रमाण खूप चढतं, म्हणून ती जोडी सहज कुणी लावत नाही. ईसीजी तालुक्याला होतो, फोटो पाठवला तरी डॉक्टर बघतात.

आता कायदा. २५ मार्च २०२० ला केंद्राची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली, त्याच वर्षी मानसोपचारासाठी वेगळी तपशीलवार तत्त्वंही निघाली. नोंदणीकृत डॉक्टर भारतातल्या कुठल्याही राज्यातल्या रुग्णाला ऑनलाइन तपासू शकतो. पुण्याचा डॉक्टर दापोलीला चालतो आणि बेंगळुरूचाही. मात्र ओसीडीची औषधं पहिल्यांदा लिहायची तर व्हिडिओ हवा, नुसत्या फोनवर किंवा व्हॉट्सॲपच्या मेसेजवर नाही. प्रत्यक्ष भेट झाली असेल तर त्याच तक्रारीसाठी पुढचे सहा महिने ऑनलाइन तपासणी फॉलोअप धरली जाते. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीतली औषधं ऑनलाइन लिहिण्यावर बंधनं आहेत. झोपेच्या आणि घबराटीच्या बऱ्याच गोळ्या त्या यादीत येतात, त्यामुळे डॉक्टरांनी "ही गोळी प्रत्यक्ष आल्यावरच देईन" म्हटलं तर ते टाळाटाळ करत नाहीयेत.

चिठ्ठी पीडीएफ असली तरी चालते, पण औषधवाला परत पाठवतो तो बहुतेकदा त्यात काहीतरी राहिलेलं असतं म्हणून. डॉक्टरचं नाव, पदवी, नोंदणी क्रमांक, तारीख, सही, रुग्णाचं नाव-वय-पत्ता आणि औषधाचं जेनेरिक नाव हे सगळं आहे ना ते कॉल संपायच्या आधी बघा. छापील प्रत नेलेली बरी. आणि कोकण आहे, म्हणून जून ते सप्टेंबर दहा-पंधरा दिवसांच्या गोळ्या शिल्लक ठेवा. घाट बंद झाला, कुरिअर अडलं की मध्येच खंड पडतो.

पायरी_पायरी

वरच्या औषधांच्या माहितीला +१. आता थेरपी.

ओसीडीसाठी जी थेरपी लागते तिचं नाव ईआरपी. भीती वाटते त्या गोष्टीला ठरवून सामोरं जायचं आणि मागोमाग येणारी कृती, म्हणजे धुणं, तपासणं, विचारणं, करायची नाही. १९६६ मध्ये व्हिक्टर मेयर यांनी ही वाट दाखवली, पुढे एड्ना फोआ आणि इतरांनी ती बांधून काढली. व्हिडिओवर केलेल्या ईआरपीचे निकाल समोरासमोरच्या ईआरपीच्या जवळपास येतात. ओसीडीत तर ऑनलाइनचा एक फायदाच आहे. क्लिनिकमधल्या बेसिनवर वहिनींना काही होणार नाही, कारण ते बेसिन त्यांचं नाही. त्रास आहे तो घरच्या मोरीत, ओटीवर, गॅसपाशी. फोन तिथे नेता येतो.

प्रत्यक्षात असं चालतं. पहिली दोन-तीन सेशन्स नुसती मोजणी आणि नकाशा. येल-ब्राउन नावाची मोजपट्टी असते, दहा प्रश्न, ० ते ४० गुण. १६ ते २३ मध्यम, २४ ते ३१ तीव्र, त्यापुढे अतितीव्र. हा आकडा पहिल्या दिवशी लिहून घ्या. नंतर दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा मोजतात, आणि ३५ टक्के उतार पडला तर उपचार लागू पडला असं म्हणतात. म्हणजे २८ वरून १८ झालं तर उत्तम चाललंय, मग घरात कुणाला अजून आंघोळ लांबलचक वाटली तरीही.

मग पायऱ्या. प्रत्येक गोष्टीला शंभरपैकी किती भीती वाटते ते वहिनींनीच सांगायचं. समजा पिशवीला हात लावून दहा मिनिटं न धुणं ३५, बाहेरच्या माणसाने पाय न धुता ओटीवर यावं ५०, चपलेला बोट लावून त्याच हाताने भाकरी खाणं ७०, आंघोळ २० मिनिटांत उरकणं ९०. सुरुवात ३०-४० च्या आसपास करतात. ९० वर उडी मारली तर ती जमत नाही, आणि दुसऱ्या दिवशी कॉलच उचलला जात नाही. ५ पासून सुरू केलं तर महिनाभर काही घडत नाही आणि पैसे संपतात.

आंघोळीचं विचारलंत. आंघोळ कॅमेऱ्यावर होत नाही, कुणी तशी मागणी केली तर कॉल बंद करून त्याची तक्रार करा. आंघोळीचे तुकडे पाडतात: किती तांबे, कुठला अवयव किती वेळा, साबण किती वेळा, मध्ये चूक झाल्यासारखं वाटलं तर पहिल्यापासून सुरू होतं का. बहुतेकांच्या वेळेतला मोठा वाटा या "पहिल्यापासून" मध्येच जातो. मग नियम लिहिला जातो, उदाहरणार्थ "दोन बादल्या, एकदाच साबण, चूक झाली तरी पुढे". थेरपिस्ट आंघोळीआधी पाच मिनिटं आणि बाहेर आल्यावर पंधरा-वीस मिनिटं कॉलवर असतो. नंतरची ती वीस मिनिटंच महत्त्वाची, कारण आत परत जायची ओढ तेव्हाच लागते. भीती शून्यावर आली पाहिजे असं नाही. ती असतानाही परत आत न जाता चहा ठेवला, हेच शिकायचं आहे. घरात साबणाच्या वडीवर उघडल्याची तारीख लिहून ठेवा. वडी किती दिवस पुरली हा आकडा खोटं बोलत नाही.

व्हिडिओवर चुकतं ते असं. मनातल्या मनातली कृती कॅमेऱ्यात दिसत नाही. हात धुतले नाहीत, पण आत "देवा क्षमा कर" अकरा वेळा झालं तर धुतल्यासारखंच आहे. थेरपिस्टने ते मुद्दाम विचारलं पाहिजे. दुसरं, सेशनमध्ये धाडस होतं आणि कॉल संपल्यावर अर्धा तास हात धुतले जातात, म्हणून ४५ मिनिटांऐवजी ६० ते ९० मिनिटांचं सेशन आणि संध्याकाळी पाच मिनिटांचा फोन मागा. तिसरं, फोनच "खराब" असतो. तो धरायला कुणी दुसरं हवं की तोच पहिली पायरी करायचा हे आधी ठरवा.

एकूण १५ ते २० सेशन्स धरा. पहिले दोन-तीन आठवडे आठवड्यातून दोनदा जमलं तर फार फरक पडतो. सेशनबाहेर रोज पाऊण ते एक तास सराव. खरं काम त्या सरावात होतं, सेशन म्हणजे त्याची आखणी.

सोवळ्याबद्दल एक. थेरपिस्ट धर्म मोडायला सांगत नाही. घरातल्या बाकीच्या बायका जेवढं पाळतात तेवढं ठेवायचं, त्यावरचं काढायचं. सासूबाई देवाला लावायला एकदा हात धुतात ना? मग तेच माप.

खाडीकाठ

दोघांचेही आभार. गोळी चालू ठेवतोय, दादाला वरचं वाचून दाखवलं. सुऱ्यांचं कुणी बोललं नाही. घरात सगळ्यांना त्याचीच जास्त भीती आहे. मुलाला आजीकडेच ठेवावं का?

पायरी_पायरी

मुद्दाम वेगळं लिहायचं म्हणून ठेवलं होतं.

बाळंतपणानंतर सुरू झालेल्या किंवा वाढलेल्या ओसीडीत आईला "माझ्या हातून मुलाला इजा होईल" असे विचार किंवा चित्रं डोळ्यासमोर येणं फार वेळा दिसतं. विचार नको असतो, त्याची किळस वाटते, म्हणूनच ती सुऱ्या कुलुपात ठेवते आणि मुलापासून लांब राहते. हे लपवणं, टाळणं हीच तिची कृती आहे, हात धुण्यासारखीच. तुमच्या वर्णनावरून तसं वाटतं, पण निदान डॉक्टरांनीच करायचं, आणि या आठवड्यातच.

वेगळं आणि तातडीचं चित्र असं असतं: तिला विचारांची भीती वाटत नाही, उलट ते बरोबर वाटतात, आवाज ऐकू येतात, मुलाबद्दल विचित्र ठाम समजुती होतात, झोप जवळजवळ थांबते, बोलणं असंबद्ध होतं. तेव्हा ऑनलाइन विसरा, त्याच दिवशी रुग्णालय गाठा आणि मुलाला एकटं तिच्याजवळ ठेवू नका. ती मरणाबद्दल बोलली तरी तेच. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. गाडी हवी तर ११२ किंवा १०८.

तिच्याकडून कबुलीजबाब काढायला बसू नका. "सांग, काय येतं मनात?" असं सहा जणांसमोर विचारलं तर कुणीच सांगणार नाही. येल-ब्राउनबरोबर लक्षणांची एक लांबलचक यादी असते, इजा करण्याचे विचार, घाणीचे, लैंगिक, धार्मिक, मोजणी-मांडणीचे. थेरपिस्ट ती वाचत जातो, रुग्णाने फक्त "हो" म्हणायचं. यादीत आपला विचार आधीपासून छापलेला ऐकला की बऱ्याच बायकांना पहिल्यांदा कळतं की हे इतरांनाही होतं. हा भाग ती एकटी, इअरफोन लावून, बंद खोलीत करेल असं बघा. दादासुद्धा बाहेर.

आणि नाही, डॉक्टरांनी ओसीडी म्हणून सांगितलं की मुलाला तिच्यापासून तोडू नका. तोडलं की तिच्या मनात पक्कं होतं, "म्हणजे मी धोकादायक आहेच". हळूहळू तिच्या पायऱ्यांत "मूल मांडीवर घेऊन भाजी चिरणाऱ्या सासूबाईंसमोर बसणं" अशा गोष्टी येतील. त्या थेरपिस्टच्या क्रमानेच, घरच्यांच्या हुकमाने नाही.

तिरकस

माणूस पारखायचं आणि पैशाचं मी घेतो.

औषध लिहू शकतो तो फक्त डॉक्टर. एमबीबीएसनंतर मानसोपचारातलं एमडी, डीएनबी किंवा डीपीएम. नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या किंवा राष्ट्रीय यादीत नाव टाकून बघता येते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तिला आरसीआय म्हणतात, आणि तिथल्या नोंदणीचा सीआरआर क्रमांक असतो. तो मागितल्यावर जो रागावतो त्याच्याकडे जाऊ नका. "लाइफ कोच", "माइंड हीलर", तीन महिन्यांचा काउन्सेलिंगचा डिप्लोमा यांच्याकडे हा क्रमांक नसतो. पण क्रमांक म्हणजे ईआरपी येतं असंही नाही. पैसे भरण्याआधी दहा मिनिटांचा फोन मागा आणि विचारा: ओसीडीत तुम्ही नक्की काय करता? पहिल्या महिन्यात काय होईल? सेशनबाहेर सराव देता का? गुण मोजता का? घरच्यांना कधी बोलावता?

"पायऱ्या करू, भीतीला सामोरं जाऊ, कृती थांबवू" असं काही ऐकू आलं तर पुढे जा. "विचार आला की मनगटावर रबर मारा", "मन शांत करायला रोज श्वसन", "बालपणात खोलवर जाऊ", "संमोहनात मूळ कारण काढू" असं ऐकलं तर नमस्कार करून फोन ठेवा. विचार दाबायला गेलं की तो आणखी उसळतो, आणि श्वसनाचं रूपांतर पाहता पाहता नव्या कर्मकांडात होतं.

ॲपवाल्या कंपन्यांचं "अमर्याद चॅट" ओसीडीला विशेष वाईट. रोज वीस वेळा "मी चुकून हात लावला, काही होणार नाही ना?" असं लिहायचं आणि समोरून "काळजी करू नका" असं यायचं, म्हणजे आईला विचारण्याऐवजी ॲपला विचारलं इतकंच. गूगलला आणि एआय चॅटबॉटला विचारत बसणं यातच येतं.

खर्च: खाजगी सेशन शहराप्रमाणे आणि अनुभवाप्रमाणे साधारण हजार ते अडीच-तीन हजार. दीड हजाराने १६ सेशन्सचे २४ हजार होतात, त्यात डॉक्टरची फी वेगळी, सुरुवातीला दोन-तीन आठवड्यांनी आणि नंतर दोन महिन्यांनी एकदा. जेनेरिक गोळ्या जनऔषधी केंद्रात स्वस्त पडतात. विमा: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २१ प्रमाणे विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच वागवायचं आहे, पण बहुतेक पॉलिसी भरती झाल्याशिवाय पैसे देत नाहीत, त्यामुळे पॉलिसीत ओपीडी (भरती न होता घेतलेले उपचार) नसेल तर आशा धरू नका. तरी पावत्या नोंदणी क्रमांकासह ठेवा.

पैसा कमी असेल तर सरकारी वाट आहे. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, तिथल्या बाह्यरुग्ण विभागात दाखवायला भरती व्हावं लागत नाही. नावाला घाबरून लोक टाळतात. जिल्हा रुग्णालयातही मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तपासणी होते. ई-संजीवनी या सरकारच्या ऑनलाइन सेवेवरून सरकारी डॉक्टर मोफत भेटतात. टेलि-मानस १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. पहिला धीर आणि पुढे कुठे जायचं यासाठी ते उपयोगी, पण आठवड्याची ईआरपी तिथे होईल अशी अपेक्षा धरू नका. मराठीत बोलणारे लोक शोधत असाल तर ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेत चौकशी करा. दोन औषधं आणि नीट ईआरपी होऊनही अडलंच तर बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत ओसीडीचं स्वतंत्र क्लिनिक आहे.

ओटीवरची

घरच्यांनी काय करायचं ते राहिलं.

तुमच्या वर्णनात घरातले सगळे ओसीडीचे नोकर झालेत. पाय धुताय, पिशव्या पुसताय, सुऱ्या कुलपात टाकताय, रात्री "बंद आहे गं" म्हणून सांगताय. प्रेमापोटीच, पण यानेच आजार पोसला जातो. इंग्रजी पुस्तकं याला भारी नाव देतात, आपण "पुरवणं" म्हणू.

पुरवणं एकदम तोडायचं नाही. मोटर बंद करणं म्हणजे तेच: तिला न सांगता, तिच्याविरुद्ध. मग ती विहिरीवर जाईल, मध्यरात्री उठेल, आणि थेरपिस्टवरचा विश्वास जाईल तो वेगळाच. आधी पुरवण्याची यादी करा, कोण काय करतं आणि दिवसातून किती वेळा. ती यादी थेरपिस्टसमोर, वहिनींच्या संमतीने, एकेक करून कमी करायची. सगळ्यांनी एकच करायचं. दादाने नाही म्हटलं आणि सासूने गुपचूप पाणी दिलं तर आठवडा वाया.

प्रश्नांसाठी एक ठरलेलं वाक्य हवं, तिनेच निवडलेलं. उदाहरणार्थ: "हा ओसीडीचा प्रश्न आहे, उत्तर देत नाही, पण इथे बसते." शांत आवाजात, एकदाच. दुसऱ्यांदा विचारलं तर तेच वाक्य किंवा गप्प. "काही होत नाही गं, किती वेळा सांगायचं!" हे चिडून सांगितलेलं उत्तर असलं तरी उत्तरच आहे. आणि टोमणे नकोत, "परवा तर जमलं होतं" हाही टोमणाच.

सासूबाईंना नारळ द्यायचा असेल तर द्या, भांडू नका. फक्त नारळामागोमाग एकवीस दिवसांचं नवं सोवळं कुणी सांगितलं तर ते घेऊ नका, ओसीडीला तेच हवं असतं.

तांत्रिक: फोनला तिपाई घ्या, कारण हात मोकळे लागतात. एका तासाच्या व्हिडिओला साधारण अर्धा ते एक जीबी डेटा जातो. मोरीपाशी रेंज येते का ते सेशनच्या आदल्या दिवशी बघा, नाहीतर थेरपिस्ट अडकलेल्या चित्राशी बोलत राहतो. व्हिडिओ तुटला तर कुठल्या नंबरवर साधा फोन करायचा ते आधी ठरवा, आणि त्या मधल्या पाच मिनिटांत हात धुवायचे नाहीत हेही. पावसात वीज जाते, पॉवर बँक भरलेली ठेवा. सेशन रेकॉर्ड होणार नाही हे पहिल्याच दिवशी दोन्ही बाजूंनी बोलून घ्या. आणि भिंती पातळ असतील तर बाहेर रेडिओ लावा.

खाडीकाठ

पुरवण्याची यादी केली. सतरा गोष्टी निघाल्या, त्यातल्या सहा एकट्या आईच्या. दोन सायकॉलॉजिस्टशी दहा-दहा मिनिटं बोललो: एकाने श्वसन सांगितलं, दुसरीने पायऱ्या सांगितल्या आणि स्वतःहून सीआरआर क्रमांक दिला. तिच्याकडे मंगळवारची वेळ घेतली. डॉक्टरांचा व्हिडिओ गुरुवारी आहे. दोघांनी एकमेकांशी बोलायला हवं का, की आम्ही मध्ये निरोप द्यायचे?

गोळीचिठ्ठी

निरोप देऊ नका, त्यात अर्धं गळतं. वहिनींची लेखी संमती घेऊन दोघांना एकमेकांचा नंबर द्या. व्हॉट्सॲपवर तिने लिहिलेलं एक वाक्यही पुरतं. गुण आणि डोस दोघांकडे एकाच दिवशी पोचले पाहिजेत. डोस वाढवायचा आठवडा आणि मोठी पायरी चढायचा आठवडा एकच आला तर अस्वस्थपणा गोळीचा की पायरीचा हे कुणालाच कळत नाही. गुरुवारच्या कॉलला हेच आधी सांगा. आणि गुरुवारच्या आत गोळ्या संपत असतील तर आजच आणून ठेवा, पहिल्या कॉलची वेळ हमखास पुढे ढकलली जाते.